किंचित लालसर

टीचर ना शाळेत शिकवायची ना कॉलेजात. हॉटेलं, दवाखाने, विमा कंपन्या अशा ठिकाणच्या माणसांना फोनवर इंग्रजी कसं बोलायचं ते शिकवायला ती जायची. 'टीचर' हे नाव तिला शिकणाऱ्यांनी दिलं आणि मग ते घरीदारी चिकटलं. नवरासुद्धा वैतागला की "हो टीचर" म्हणून गप्प बसायचा.

तिचा सगळ्यात लाडका तास म्हणजे छोट्या शब्दांचा. "गिऱ्हाइकाला 'खोली घाण आहे' असं सांगाल का? 'द रूम नीड्स अ बिट ऑफ अटेन्शन.' 'तुम्हाला तासभर थांबावं लागेल' म्हणाल का? 'इट माइट टेक अ टॅड लाँगर.'" मग ती एकेका शब्दाची चव समजावून सांगायची. 'अ बिट' म्हणजे आपलं थोडंसं, मिठासारखं कशातही चालतं. 'अ टॅड' म्हणजे किंचित, पण जरा ऐटीत. 'अ टच' म्हणजे नुसतं बोट लागल्याएवढं. 'अ स्मिज' लाडिक, केकचा आणखी एक तुकडा मागताना म्हणायचा. 'काइंड ऑफ'ला तर मापच नाही, तो नुसता अंग चोरायला.

"वाईट बातमी दारात आडदांडासारखी उभी राहिली की माणूस बिचकतो," ती सांगायची. "तिला लहान मुलाचे कपडे घालून पाठवा."

वर्ग हसायचा आणि लिहून घ्यायचा.

तिचे वडील याच्या अगदी उलट. जुन्या सामानाचे लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. कपाटं, झुंबरं, पाय मोडके पियानो. वस्तू जितकी भंगार तितका त्यांचा आवाज मोठा. त्यांच्या तोंडून लहान गोष्ट बाहेर पडणं अशक्यच. घरी तीन माणसं आली की "पलटण आली". चहा कोमट असला की "डबक्यात बुचकळून आणलाय". साधी सर्दी झाली की "मी चाललो, किल्ल्या सांभाळा". आई होती तोवर म्हणायची, "यांचं बोलणं आधी दहानं भागायचं आणि मग ऐकायचं." आई गेल्यावर तो भागाकार लेकीकडे आला.

म्हातारे न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं काही जमेना. टीचरचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. "गावभराच्या लिफ्टा वरखाली करतोय, आणि सासरा चढवायचा तर खुर्चीवरून!" म्हातारे म्हणाले. दोघंही दिवसभर कामावर. मग असं ठरलं की पायात बळ येईपर्यंत त्यांना वृद्धनिवासात ठेवायचं. ते ठिकाण टीचरच्या ओळखीचं होतं. आदल्या वर्षी तिथल्या सगळ्या माणसांना तिनंच शिकवलं होतं. मेट्रन तर तिची पट्टशिष्या. इस्त्रीचा कडक पोशाख, मऊ आवाज आणि ओठांच्या कोपऱ्यात कायम बेताचं हसू.

"आपल्याच घरी ठेवताय असं समजा," मेट्रन म्हणाली.

त्यांना दर्शनी भागातली, खिडकीची खोली मिळाली. दर रविवारी भेटीच्या वेळी टीचर जायची. भेटायचं ते बाहेरच्या बैठकीच्या खोलीत. खोल्यांची तेव्हा साफसफाई चालते, असं सांगायचे. म्हातारे चाकाच्या खुर्चीत बसून यायचे आणि तक्रारी सुरू व्हायच्या. सूप म्हणजे फडकं पिळलेलं पाणी. शेजारचा माणूस झोपेत रणगाड्यासारखा घोरतो. बेल वाजवली तर येतात, पण पुढच्या जन्मी. टीचर ऐकायची, मनातल्या मनात दहानं भागायची आणि त्यांची नखं कापून द्यायची.

मग एकदा मेट्रनचा फोन आला.

"टीचर, काळजीचं काहीच नाही हं. बाबा आर अ टॅड ऑफ देअर फूड, जेवणावर जरा मन नाही. आणि पाठीला, खालच्या बाजूला, किंचित लालसर झालंय. जस्ट अ टच ऑफ रेडनेस."

'बाबा आर' ऐकून टीचरला हसू आलं. इंग्रजीतही बाबांना अहो-जाहो! पण 'जस्ट' कुठे घालायचं ते मात्र बरोब्बर लक्षात ठेवलंय, असं तिला वाटलं. तिला खरोखर बरं वाटलं, ते दुखणं किरकोळ म्हणून नव्हे, शिष्येनं शब्द बरोबर वापरला म्हणून. तिनं "पावडर लावा" म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढच्या फोनमध्ये 'स्लाइटली सोअर' आलं. त्याच्या पुढच्यात 'अ बिट ऑफ अ स्मेल'.

मग एके दिवशी दुपारी वडिलांनी कुणाच्या तरी हातापाया पडून फोन मिळवला. "पोरी, मला सडवतायत इथं. मला किडे पडलेत."

"बाबा, मागच्या महिन्यात सूपमध्ये साप होता."

"खरंच गं," ते म्हणाले.

हे दोन शब्द त्यांनी अगदी हळू उच्चारले. आयुष्यात कधी आवाज खाली न आणलेला माणूस! टीचरला वाटलं, लाइन खराब आहे.

त्या रविवारी ते खुर्चीत वाकडे, एका कुल्ल्यावर बसले होते. छातीपर्यंत जाड पांघरूण. पावडरचा आणि कसल्यातरी अत्तराचा असा भपकारा, की डोळ्यांत पाणी यावं. ते काही बोलेनात. तिला वाटलं, रुसलेत. आठवडाभर फोन केला नाही म्हणून धडा शिकवतायत. नखं कापायला हात धरला तर त्यांनी तो काढून घेतला. पुढच्या रविवारी तिला ताप होता आणि त्याच्या पुढच्या रविवारी एका हॉटेलची नवी तुकडी सुरू झाली. गेली नाही.

याच सुमारास वृद्धनिवासानं तिला उजळणीच्या वर्गासाठी बोलावलं. बरीच माणसं नवी आली होती. जेवणघराच्या वरच्या मजल्यावर फळा होता, खुर्च्या मांडल्या होत्या. तासभर शिकवू आणि जाताना बाबांना भेटून जाऊ, असा तिचा बेत.

वर्ग रंगला. "तुमच्या रोजच्या कामातलं एकेक वाक्य सांगा," ती म्हणाली. "जसं आहे तसं, कच्चं. आपण त्याला कपडे घालू."

"गरम पाणी नाही," टेलिफोनवाली म्हणाली. त्याचं झालं, 'द वॉटर इज अ बिट ऑन द कूल साइड.' आचारी म्हणाला, "सूप करपलंय." त्याचं 'अ टच स्मोकी' झालं, तेव्हा स्वतः आचारीच टाळ्या पिटत सुटला.

मागच्या रांगेतून एक आया उठली. ती नुकतीच लागली होती, भीड चेपायची होती. "मागच्या खोलीतल्या आजोबांच्या पाठीला भोक पडलंय," ती म्हणाली. "बोट जाईल एवढं. आम्ही नाकाला फडकं बांधून आत जातो."

"ई!" कुणीतरी केलं. टीचरच्याही अंगावर काटा आला. आठवड्याला एक तरी विद्यार्थी असलं काहीतरी आणतोच. लोकांना वर्गात घाण बोलून बघायची हौस असते.

"ही हॅज अ टॅड ऑफ अ सोअर," पुढच्या रांगेतला एक सेवक म्हणाला. हशा पिकला.

"'टॅड ऑफ' नको," टीचर म्हणाली. "टॅडच्या पुढे वस्तू ठेवायची नाही, गुण ठेवायचा. 'ही इज अ टॅड सोअर.' म्हणा सगळे."

सगळे म्हणाले. तिनं ते वाक्य सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिलं.

"टॅड म्हणे!" आया खुर्चीत बसता बसता हसली. "आणि ते बिचारे दिवसभर भिंतीकडे तोंड करून ओरडतात. सागवानी कपाट, बोला, कोण वाढवतंय!"

टीचर फळ्याकडेच तोंड करून उभी होती. "कोण आजोबा?" तिनं विचारलं.

"ते नाही का लिलाववाले. आधी पुढच्या खोलीत होते म्हणे. मग वासामुळे मागे नेलं."

ती वळली. नव्या माणसांना काही कळलं नव्हतं, ती अजून हसत होती. जुनी मात्र खाली बघत होती. टेलिफोनवाली पेनाचं टोपण काढून घालत होती, घालून काढत होती. आचारी खोकला. या सगळ्यांना ते कुणाचे वडील आहेत हे ठाऊक होतं, आणि तिनं ते वाक्य म्हणायला लावल्यावर त्यांनी ते तिच्यासमोर म्हटलंही होतं.

जिन्यात मेट्रन आडवी आली. "टीचर, आत्ता नको. खोली जराशी अनटायडी आहे. पाच मिनिटांत त्यांना बाहेर आणते ना."

टीचर तिच्या खांद्याला धक्का देऊन पुढे गेली.

मागची खोली म्हणजे पूर्वीची सामानाची कोठी. खिडकीच्या काचांवर रंग मारलेला. कोपऱ्यात फरशी पुसायची बादली, तिच्यात काळं पाणी. स्टुलावर सकाळची लापशी, वर साय धरून सुरकुतलेली. आणि वास. तिला घाणीची अपेक्षा होती, पण तो गोड होता. फुलदाणीतली फुलं फेकायची राहून जावीत आणि महिन्यानं ते पाणी ओतताना यावा तसा गोड. तो नाकात नाही, जिभेवर बसला.

वडील भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते. तिनं पांघरूण उचललं. ते सहज उचललं गेलं नाही, चिकटलं होतं. सुटताना ओला आवाज झाला. खाली घडी करून दाबलेला टॉवेल होता, मुळात पांढरा असावा. तिनं त्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. माकडहाडाच्या जागी खड्डा होता. कडा काळ्या, आत करडं, पिवळं, आणि त्यात पांढरे दाणे. मग एक दाणा हलला. मग सगळेच.

तिनं बादली गाठली आणि तिच्यात भडाभडा ओकली. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबेनात. आपल्या बापाला बघून आपल्याला ओकारी येते आहे, आणि तो ती ऐकतो आहे, हे तिला कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

"आलीस?" भिंतीकडून आवाज आला. जुन्या आवाजाचा नुसता कोंडा उरला होता. "आता भाग दहानं."

दारात मेट्रन उभी होती. "आम्ही काही लपवलं नाही हं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी फोन केला. रेडनेस सांगितला, स्मेल सांगितला. तुम्हीच म्हणालात, पावडर लावा. आणि मधे वुई वेअर अ बिट शॉर्ट ऑफ स्टाफ."

सगळं खरं होतं. एक शब्द खोटा नव्हता. टीचर तिच्या ओठांकडे बघत राहिली. ओठांचे कोपरे आत्ताही बेतानं वर वळलेले होते. 'हसू फोनमधूनही ऐकू जातं,' हे टीचरनंच शिकवलं होतं. त्या तोंडाची तिला अशी शिसारी आली, की हातातला ओला टॉवेल त्यावर फेकून मारावा. मग आठवलं की हे तोंड आपणच घडवलंय, आणि घशात पुन्हा आंबट आलं.

बाहेरच्या टेबलाशी टेलिफोनवाली धावत येऊन रुग्णवाहिकेला फोन लावत होती. "हॅलो, वुई हॅव अ स्लाइट—" एवढं तिच्या तोंडून निघालं आणि टीचरनं रिसीव्हर हिसकावला.

"एक माणूस जिवंतपणी सडतोय," ती म्हणाली. "अळ्या पडल्यात. ताबडतोब गाडी पाठवा."

हॉस्पिटलमधल्या सर्जन बाई बोलायला रोखठोक होत्या. हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "मांस मेलंय. कापून काढावं लागेल. विष रक्तात भिनलं असेल तर कदाचित वाचायचे नाहीत. इतके दिवस कुणी बघितलं नाही?"



"अळ्यांना शिव्या देऊ नका," बाई पुढे म्हणाल्या. "त्यांनी फक्त मेलेलं तेवढंच खाल्लंय. तुम्हा माणसांपेक्षा त्यांनी बरी देखभाल केली."

लागलं, पण बरं वाटलं. असं वाक्य तिनं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

म्हातारे वाचले. ते शुद्धीवर आले त्याच्या पुढच्या रविवारी, भेटीच्या वेळेला, टीचर नवऱ्याला घेऊन वृद्धनिवासात गेली. बैठकीच्या खोलीत नेहमीचं चित्र होतं. ओळीनं चाकाच्या खुर्च्या, छातीपर्यंत पांघरुणं, पावडरचा भपकारा. लेकीसुना फळं सोलून भरवत होत्या.

"पांघरुणं उचला," टीचर मोठ्यानं म्हणाली. "आपापल्या माणसाचं पांघरूण उचला आणि पाठ बघा. आत्ता. इथंच."

"अहो बाई, लहान मुलं आहेत इथं," एक गृहस्थ म्हणाले.

"टीचर इज अ बिट अपसेट," मेट्रन सगळ्यांकडे बघून हसली. "त्यांचे वडील—"

"माझ्या वडिलांच्या पाठीत मूठ जाईल एवढा खड्डा आहे. मला सांगितलं होतं, किंचित लालसर झालंय."

कुणी हललं नाही. सभ्य माणसांना चारचौघांत आपल्या आईचं पांघरूण उचलणं जड जातं. सगळे एकमेकांकडे बघत बसले. त्यांच्या त्या बघण्याचाही तिला वीट आला, कारण ती स्वतः त्याच खुर्चीत बसून तसंच बघत आली होती. मग कोपऱ्यातल्या एका जाड बाईनं हातातलं संत्रं खाली ठेवलं. आपल्या सासूला तिनं अलगद पुढे झुकवलं आणि मागून गाऊन वर केला. तिनं किंकाळी वगैरे फोडली नाही. गाऊन खाली सोडला, हात आपल्याच स्कर्टला पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाली, "हलकट."

त्यानंतर कुणालाच आवरता आलं नाही. मागच्या भागाचं दार बंद होतं, किल्ली सापडत नव्हती. टीचरच्या नवऱ्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बिजागऱ्याच उचकटल्या. आत आणखी म्हातारी माणसं होती. रविवारी कुणीच येत नाही अशी. त्यांच्यासाठी अत्तरही खर्च केलेलं नव्हतं. एक गृहस्थ रुमाल तोंडाला लावून आत गेले आणि रुमाल विसरून बाहेर आले.

पुढे तपासणी झाली. मागच्या खोल्यांना सील लागलं. मेट्रनला काढलं, काही महिन्यांनी ती दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी स्वागताच्या टेबलाशी बसलेली दिसल्याचं कुणीतरी सांगितलं. मालकांकडून जाड कागदावर माफीपत्र आलं. त्यात 'सम मायनर लॅप्सेस' आणि 'टू अ स्मॉल एक्स्टेंट' असं होतं. नवऱ्यानं ते ड्रेसिंगचा कचरा टाकायच्या डब्यात तळाला अंथरलं. "कागद चांगला आहे," तो म्हणाला, "गळत नाही."

टीचरनं छोट्या शब्दांचा तास सोडला. आग्रह झाला, एका हॉटेलानं दोनदा माणूस पाठवला. पण तो विषय निघाला की तिच्या जिभेवर तो गोड वास यायचा. बाकीचं, उच्चार, व्याकरण, ती शिकवत राहिली. करणार काय, तेवढंच येत होतं.

म्हाताऱ्यांना शेवटी खुर्चीवरून तिसरा मजला चढवलाच. जावई आणि खालच्या मजल्यावरचे दोघं. ते घरी आले, पण लेकीशी बोलेनात. पाणी हवं असलं तरी जावयाला हाक. ड्रेसिंगही तोच करायचा. टीचर दारापर्यंत यायची, वास आला की तोंड दाबून मागे फिरायची. बाप ते बघायचा आणि मान वळवायचा.

एकदा कुठल्याशा बाजारपेठेतल्या इमारतीत लिफ्ट अडकली आणि नवरा दुपारी परतू शकला नाही. ड्रेसिंगची वेळ टळून गेली. पट्टी भिजून वरपर्यंत पिवळी झाली होती. टीचरनं गरम पाणी आणलं, हातमोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला.

"तो रुमाल काढ," म्हातारे म्हणाले. किती दिवसांनी तिच्याशी बोलत होते!

तिनं काढला. पट्टी सोडवली. उमासा आला, तो गिळला. पुन्हा आला. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, श्वास घेतला आणि परत आली.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. ते पालथे होते, गाल उशीत दबलेला. "मला कुणी सांगत नाही. जावई म्हणतो, बरं आहे. सांग."

"खड्डा आहे," ती म्हणाली. "माझी मूठ अजून जाईल. कडा लाल आहेत, ते चांगलं, असं डॉक्टर म्हणाल्या. मधे पिवळं चिकट आहे. डाव्या बाजूला एक काळा तुकडा आहे, तो काढायला लागेल. दुखेल. खूप दुखेल."

"आणि?"

"वास येतोय."

"आणि?"

तिनं चिमटा उचलला. "आणि मला किळस येते आहे, बाबा. तुमची. थांबवता येत नाही."

खालच्या रस्त्यावर एक गाडी सुरू होता होता बंद पडत होती.

"मलाही येते," ते म्हणाले. "चल, उरक."

तिनं चिमटा गरम पाण्यात बुडवला आणि खाली वाकली.